सोवळ्यातला झटका

"बोलून बोलून जबडा दुखला असेल काकूंचा. नवी सून आलीय ना घरात?"

डॉक्टर हे मला म्हणाले नाहीत. माझ्या डोक्यावरून, मागे उभ्या असलेल्या आमच्या ह्यांना म्हणाले. हे हसले. कंपाउंडर हसला. बाकावरचे पेशंट हसले. त्यातल्या एका म्हाताऱ्याला हसता हसता खोकला लागला, तर त्याला लगेच पाणी दिलं. दाराशी आमची नवी सून उभी होती, मीनल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने मान खाली घातली.

आणि मी? मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने.

टेबलाची कड घट्ट धरून हसले. धरली नसती तर स्टुलावरून पडले असते. पाठीत कुणी पाटा ठेवल्यासारखं जड झालं होतं, डावा हात माझा नसल्यासारखा लोंबत होता, पोलक्याची पाठ घामाने चिंब. तरी हसले. वर म्हणाले, "सॉरी हं डॉक्टरसाहेब, तुमचा वेळ घेतला."

सॉरी! काय बाई होते मी. आज भेटली असती तर त्या काकूच्या एक थोबाडीत ठेवून दिली असती. नको. तिचा जबडा आधीच दुखत होता.

डॉक्टरांनी गुलाबी औषधाची बाटली दिली आणि गॅसच्या गोळ्या. "रात्री हलकं जेवा," म्हणाले. तेही ह्यांनाच. मला कधीपासून दुखतंय, हेही त्यांनी ह्यांनाच विचारलं होतं. हे म्हणाले, "दुपारपासून." ह्यांना कळलंच दुपारी, पंगत उठल्यावर. दुखत सकाळपासून होतं. पण मी दुरुस्त केलं नाही. शाळेत पोरांच्या पाढ्यातली एक चूक सोडायची नाही मी, आणि इथे माझ्याच दुखण्याची वेळ चुकीची सांगितली जात होती, तर गप्प.

हा दवाखाना ग्वाल्हेरच्या दौलतगंजातला. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आम्ही तिथेच जायचो. डॉक्टरांच्या आजोबांना म्हणे दरबारात खुर्ची होती. आमचे आजेसासरे त्याच दरबाराच्या दाराशी भाला घेऊन उभे. दरबार गेला, खुर्ची गेली, भाला गेला. पण आमचे हे दवाखान्यात शिरताना अजून चपला बाहेर काढायचे. बाकीचे सगळे चपला घालून आत, आम्ही दोघं अनवाणी. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट वाटायचं, आपल्याला रीतभात आहे.

आता त्या दिवसाची सकाळ सांगते. तिची लाज जास्त वाटते.

आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. भाला धरणाऱ्यांचं घर, पण सोवळं खुर्चीवाल्यांपेक्षा कडक. हा माझाच उद्योग. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं सोवळं जेमतेम होतं. मी मोठ्या घरांमधून बघून बघून शिकले आणि वाढवलं. थाटीपुरातलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, आणि त्यात माझं सोवळं! आदल्या दिवशी धुतलेली साडी उंच दांडीवर, काठीने वाळत घातलेली. सोवळ्यातल्या बाईला कुणी शिवायचं नाही, तिने कुणाला शिवायचं नाही. नैवेद्य होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं एकटीने. शेजारणी म्हणायच्या, "तुमच्या इतकं सोवळं तर आता बाड्यावरच्या बड्या घरांतही नाही राहिलं." मी फुगायची. फुगायला काय लागतं? दोन शब्द.

पुरण ढवळत होते तेव्हा सुरू झालं. आधी जबडा. कुणी खालून दोन बोटांनी दाबून धरल्यासारखा. मग पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधे ओझं. मग मळमळ. मग घाम. तो काही चुलीपाशी उभं राहून येतो तो घाम नव्हता. गार होता. कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर.

आणि मी कशाला घाबरले? पुरणात घाम पडला की काय, ह्याला. देवीचा नैवेद्य बाटला की काय, ह्याला. पदराने हनुवटी पुसत राहिले आणि मनात देवीची माफी मागत राहिले. मरायला टेकलेली बाई पुरणाची काळजी करत होती.

मीनल दारात आली. ग्वाल्हेरची मराठी पोर, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारी. म्हणाली, "आई, तुमचा चेहरा कसा होऊन राहिलाय! पूरा सफ़ेद पड़ गया है. बैठ जाइए ना." आणि मला धरायला हात पुढे केला.

"शिवू नकोस! लांब हो!"

हातातला डाव उगारला होता मी. गरम पुरणाचा. ती उंबऱ्याच्या बाहेर गेली. जाताना म्हणाली, "लेकिन आई—"

"लेकिन-बिकिन काही नाही. आधी नैवेद्य."

त्या दिवशी माझ्याकडे आलेला तो एकच हात होता, आणि तो मीच परतवला. मग नैवेद्य झाला, आरती झाली, पुरुषांची पंगत झाली. मी वाढलं. "पुरण काय उतरलंय!" असं सगळे म्हणाले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, म्हणजे कुणाला दिसू नये की मी टेकलेय. संध्याकाळी मीनलने ऐकलंच नाही, म्हणून दवाखान्यात गेलो. सवारीच्या टेम्पोने. धक्के खात. पुढचं सांगितलंच.

आता एक गोष्ट मधेच सांगायला हवी, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

त्याच वर्षी थंडीत ह्यांच्या छातीत दुखलं होतं. सकाळी बाड्याच्या चौकात जाऊन बेडई, म्हणजे डाळ भरलेली तळीव पुरी, आणि जिलबी खाऊन आले होते, किती ते देवालाच ठाऊक. घरी येऊन छातीवर हात ठेवला आणि "अगं" म्हणाले. बस, एवढंच. शेजारच्यांची गाडी निघाली. माझा मुलगा गिरीश ऑफिस सोडून धावत आला. शेजारचे दोघे ह्यांना धरून, एक जण पुढे रस्ता मोकळा करायला. थेट मोठ्या हॉस्पिटलात. ईसीजी, रक्त, सलाईन, दोन दिवस निरीक्षण. निघाला गॅस. कुणी हसलं नाही. दौलतगंजच्या ह्याच डॉक्टरांनी घरी फोन करून सांगितलं, "छातीचं दुखणं अंगावर काढू नये. गेलात ते उत्तम केलंत." आठवडाभर लोक भेटायला येत होते, शहाळी, संत्री, बिस्किटं घेऊन. हे उशीला टेकून बसायचे आणि दर नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचे. मी चहा करायची.

ह्यांच्या गॅसला हार्टचा मान मिळाला. माझ्या हार्टला गॅसची गोळी.

आणि मला कळलं कसं नाही? मी प्राथमिक शाळेत शिकवत होते हो! वर्गात माणसाच्या शरीराचं चित्र टांगलेलं असायचं, मी छडी ठेवून दाखवायची, "यह हृदय है." पोरं एका सुरात म्हणायची, "यह हृदय है." त्या चित्रात पुरुष होता. सगळ्याच चित्रांत पुरुष असायचा. सिनेमातही झटका बापालाच यायचा, मुलगी पळून गेली की. छातीच्या डाव्या बाजूला हात, तोंड वाकडं, धाडकन खाली. आई काय करायची? आई किंचाळायची. आईला झटका आलेला मी पडद्यावर पाहिला नव्हता. जबड्यात, पाठीत, मळमळीत येतो, हे तर ऐकलंही नव्हतं. जी गोष्ट चित्रात नाही ती मला कशी होईल? इतकी हुशार होते मी.

गुलाबी औषध घेत राहिले. चव छान होती त्याची, खोटं कशाला बोलू. पण आडवं पडलं की दम लागायचा. मग बसून झोपायची. वेणी घालताना हात वर धरवेना, अर्धी वेणी घालून थांबायची. हे म्हणायचे, "डॉक्टरांनी सांगितलंय ना गॅस आहे? मग? किती मनाला लावून घेशील?" मलाही वाटायचं, आपणच मनाला लावून घेतोय. आपण नाटकी झालोय. सासूबाई म्हणायच्याच, शिकलेल्या बायका दुखण्याचं कौतुक करतात.

शेवटी मीनलने ह्यांच्यासमोर चपला घातल्या आणि म्हणाली, "बाबा, मी आईंना नेऊन राहिले. आपको आना हो तो आइए."

पुन्हा तोच दवाखाना. पुन्हा तेच स्टूल. पुन्हा आम्ही दोघं अनवाणी. ह्या वेळी मी स्वतः सांगितलं. पाठ, दम, हात, सगळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कंटाळा आला की ठेवायचे तसं.

"काकू, परत? अहो, बायकांना हार्ट नसतो. बायकांना टेन्शन असतं." मग ह्यांच्याकडे बघून, "ह्यांना जरा चार दिवस कुठे फिरवून आणा. नेक्स्ट!"

मी उठले. हो, उठले. नेहमीसारखी. पदर सावरला, हसायची तयारीही केली तोंडाने.

माझ्या स्टुलावर सराफ्यातले एक सेठ बसले. मी अजून दारापर्यंतही पोचले नव्हते. ते म्हणाले, "डॉक्टर साब, सुबह से सीने में थोड़ा भारी-भारी लग रहा है."

थोड़ा. भारी-भारी. बस.

डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, "जल्दी, ईसीजी निकालो."

मी दारात थांबले. दम लागला म्हणून नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी सरळ दिसलं होतं. जे सांगायला मी दोन वेळा आले, तेच ते सेठ एका वाक्यात बोलले. त्यांना मशीन, मला सहल.

ईसीजीची खाट कपाटाच्या मागे होती. मी वळले, आणि सेठ चष्मा काढून उठतायत तोवर जाऊन त्या खाटेवर बसले.

"आधी माझा काढा."

"काकू! हे काय? उठा."

"मी उठणार नाही. माझा काढा, मग ह्यांचा काढा."

हे धावत आले. हळू आवाजात म्हणाले, "अगं, शोभतं का? चारचौघांत?"

"चारचौघांत हसले ना मी? मग चारचौघांत झोपतेही."

असं बोलले खरी. पण आडवी झाले, कंपाउंडर पुढे आला, आणि म्हणाला, "माताजी, ऊपर का खोलना पड़ेगा." तेव्हा माझं सगळं शौर्य गळालं. त्याचं कारण सांगते, आणि हसायचं तर हसा. आतली बॉडी जुनी होती. पिवळी पडलेली, एक पट्टा सेफ्टी पिनेने जोडलेला. ह्यांना आणि गिरीशला नवे बनियन दर दिवाळीला. माझं काय, आतलं कोण बघतंय? आता तिथे पिवळ्या बल्बखाली सगळे बघणार होते. दोन पुरुष, तिसरा माझा नवरा, पलीकडे सेठ. खाटेला पडदा नव्हता. का असेल? आजवर त्या खाटेवर बाई झोपलीच नसावी.

एक क्षण मी खरंच उठणार होते. एका पिनेसाठी. हृदय बंद पडत आलं होतं आणि मी एका पिनेसाठी घरी जाणार होते. तीच ती, पुरणात घाम पडला का बघणारी.

मीनलने खांद्यावरची ओढणी काढली, एक टोक कपाटाच्या हँडलला बांधलं, दुसरं दोन्ही हातांनी उंच धरलं आणि पाठ करून उभी राहिली. "अब खोलिए, आई. कोई नहीं देख रहा."

मी हुक काढले. स्वतःच्या हाताने. मंगळसूत्र पाठीवर टाकलं. गार गार जेल लागलं, छातीवर त्या रबरी वाट्या बसल्या, मशीन कुरकुरलं, कागद बाहेर यायला लागला. कंपाउंडरने तो डॉक्टरांकडे नेला.

मला ओढणीपलीकडचं दिसत नव्हतं. फक्त खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टर बोलले. पुन्हा ह्यांच्याशी. "तुम्ही ह्यांना ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात..."

"मला सांगा," मी ओढणीआडून म्हणाले. "छाती माझी आहे."

त्यांनी सांगितलं. खाटेपाशी आले, आणि खाली बघत सांगितलं. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं दुखणं त्यांनी मला सांगितलं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नळी घालून बंद शीर उघडली. नंतर माझ्या उशाशी उभे राहून म्हणाले, "अम्मा, अटैक तो कई दिन पुराना है. एक हिस्सा मर चुका है, वो अब वापस नहीं आएगा. उसी दिन क्यों नहीं आईं?"

"आई थी," मी म्हणाले. "हँस के लौटा दिया."

कोण हसलं, ते सांगितलं नाही. त्यातला एक आवाज माझा होता, हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. इथे लिहिते आहे.

मलाही भेटायला लोक आले. संत्रीही आणली. पण प्रत्येक जण एकच विचारायचा, "एवढं कसलं टेन्शन घेतलंस?" ह्यांना कुणी विचारलं नव्हतं की एवढी कसली बेडई खाल्लीत. माझं हृदयही माझीच चूक निघालं.

तेव्हापासून जिना चढत नाही. बादली उचलत नाही. हृदयाचा एक कोपरा मेलाय, तो घेऊन फिरते. दौलतगंजला पुन्हा पाऊल ठेवलं नाही. चपला घालूनही नाही.

हे सगळं आज का काढलं? यंदाच्या महालक्ष्म्यांमुळे.

आता घर स्वतःचं आहे, थाटीपुरातच. स्वयंपाक मीनल करते. सोवळं मी कधीच सोडलं होतं, पण तिने धरून ठेवलं. म्हणते, "आई, छान वाटतं मला, साल में एक दिन." तीही आता पन्नाशीला टेकलीय. बीपीची गोळी घेते, विसरते, पुन्हा घेते.

मी स्वयंपाकघराबाहेर खुर्चीत बसून वाती वळत होते. मीनल पुरण वाटत होती. मधेच थांबली. हाताच्या पालथ्या बाजूने जबडा चोळला. पुन्हा वाटायला लागली. पुन्हा थांबली.

"काय होतंय?"

"कुछ नहीं आई. गॅस है." आणि हसली.

ते हसू मी ओळखते. माझंच आहे ते.

मी उठले, उंबरा ओलांडला आणि तिचा दंड धरला. ती ओरडली, "आई! मी सोवळ्यात आहे!"

"म्हणूनच धरला."

गिरीश म्हणाला, "अगं आई, नैवेद्य तर होऊ दे, तासाभराने जाऊ." आमचे हे आता नव्वदीकडे झुकलेत, ऐकू कमी येतं, पण नैवेद्य हा शब्द बरोबर ऐकू आला. म्हणाले, "अजून झाला नाही?" मी गाडीची किल्ली गिरीशच्या हातात ठेवली. मुखवट्यांपुढे समया तेवत होत्या, पाट मांडलेले, पुरण अर्धं वाटलेलं. तसंच सोडून निघालो. मीनल सोवळ्याच्या साडीत, मी तिचा हात धरून मागच्या सीटवर.

ईसीजी काढला. रक्त तपासलं. थांबायला लावलं, पुन्हा तपासलं. काही निघालं नाही. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, बहुतेक पित्त आहे, बीपीची गोळी मात्र नेमाने घ्या.

परत येईपर्यंत दिवे लागले होते. पाहुणे ताटकळलेले. मीनल शरमेने लाल झाली होती, दर माणसाची माफी मागत होती. "सॉरी हं, सॉरी, काहीच नव्हतं." गिरीश सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "बघ आई. उगाच. सगळा दिवस गेला. गॅसच होता ना शेवटी?"

"हो," मी म्हणाले. "तुझ्या बाबांचाही गॅसच होता. आठवडाभर शहाळी आली होती."

त्याने उठून मीनलसाठी खुर्ची पुढे ओढली.

मी मीनलला खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, पाहुण्यांनाही. ह्या घरातल्या बाईलाही गॅस होऊन हॉस्पिटलात जाता आलं पाहिजे. उगाच जाता आलं पाहिजे. उगाच गेली म्हणून तिने कुणाची माफी मागायची नाही, आणि कुणी हसायचं नाही. सोवळ्यात असो, पंगत वाढत असो, दुखतंय म्हणाली की जो जवळ असेल त्याने तिला धरायचं आणि न्यायचं. नैवेद्य थांबेल.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा जबडा चोळला, तर मी पुन्हा उगाच नेणार. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी जिवंत आहे तोवर दर वेळी. आणि दर वेळी ते उगाच निघालं, तर त्यासारखं दुसरं काही नाही.

मीनल म्हणाली, "आई, लोक हसतील."

हसू देत. मी नाही हसणार.